दाजींच्या गाडीचे दिवे

अंबाजोगाई

प्रिय बाळ्या,

इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच, साखर आटोक्यात. आता मुद्द्याचं ऐक. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच ‘बॅटरी बदल’ म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला.

श्रावणी सोमवारी दाजी आणि ताई परळीला गेले होते. मंदिरापाशी गाडी लावायला दाजींनी स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि समोर डॅशबोर्डवर दिव्यांची जत्रा भरली. एबीएस (ब्रेकची चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टेअरिंग, चेक इंजिन, एअरबॅग, सगळे दिवे एकदम, आणि स्टेअरिंग जड. गाडी बंद करून चालू केली तर बरेचसे गेले. घाटात वळणावर परत आले. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला आणि बिघाडाचे जेवढे कोड निघाले तेवढे पार्ट लिहून दिले. एबीएसचं युनिट काय, स्टेअरिंगची मोटर काय. आकडा ऐकून दाजी गाडीच विकायला निघाले. ताई रडकुंडीला आली, तेव्हा मला बोलावणं.

कोड बघ. पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. यू ०१२१ आणि यू ०१३१, म्हणजे एबीएस आणि स्टेअरिंगच्या युनिटशी बोलणं तुटलं. आता सांग, इतके पार्ट एकाच वळणावर एकदम मरतात का रे? सर ओरडून ओरडून सांगायचे, आधी अर्थ बघा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी वायर. तू तेव्हा मागच्या बाकावर झोपलेला असायचास, तरी नोकरी तुलाच आधी लागली, हा अन्याय मी अजून विसरलो नाही.

बॅटरीवर मीटर लावलं. इंजिन बंद असताना १२.५, चालू केल्यावर १४.२. बॅटरी चांगली, ती चार्ज करणारा अल्टरनेटर चांगला, स्टार्टरही दणक्यात फिरतो. म्हणून सगळे फसले. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या बोल्टवर ठेवली. हेडलाइट, ब्लोअर लावले तर १ व्होल्टच्या वर. तिथं दिसतात तेवढे व्होल्ट वाटेतच वाया जातात, ०.२ सुद्धा जास्तच. मग दाजींना म्हणलं, स्टेअरिंग कडेला वळवून धरा. काटा थेट साडेतीनला! इलेक्ट्रिक स्टेअरिंग अशा वेळी पन्नासेक अँपिअर ओढतं, आणि तो सगळा करंट परत जायला वाटच नाही. मग बिचाऱ्या युनिटांना मिळणार काय? इंजिनचा अर्थ वेगळ्या वायरनं जातो, म्हणून स्टार्टरला काहीच कळत नव्हतं.

बॅटरीचा ट्रे काढला. बॉडीच्या अर्थच्या वायरचं टोक, म्हणजे लग, वरून अगदी धड दिसत होता. नट सोडला तर खाली काळ्या मातीचा वाळलेला थर, त्याखाली गंज, आणि लगमध्ये शिरणाऱ्या तारा हिरव्या होऊन फुगलेल्या. बोटानं वाकवल्या तर अर्ध्या हातातच आल्या. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी वायर टाकली, बोल्ट आवळून वरून ग्रीस. आता स्टेअरिंग कितीही फिरवा, ०.१. बाळ्या, तू इथं पाहिजे होतास. दाजींना मी तो आकडा दाखवला तर ते म्हणाले, ‘बरं, मग चहा घ्यायचा का?’

एबीएसचा दिवा तरी राहिला. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लावून ताईच्या गल्लीतून हळू चाललो. तीन चाकं २० दाखवतात, पुढचं डावं मधेच शून्य. उंदरानं सेन्सरची वायर कुरतडलेली. सोयाबीनची पोती ठेवायच्या शेडमध्ये गाडी उभी असते, दुसरं काय होणार. जोडताना दोन्ही तारांचा पीळ राखला आणि क्रिंप केलं, म्हणजे कनेक्टर दाबून बसवला, सोल्डर नाही. हो, मुद्दाम लिहितोय! लातूरच्या होस्टेलवर यावरूनच तू मेसमध्ये वेगळ्या टेबलावर बसायचास. हादऱ्यानं वायर सोल्डरच्या कडेलाच तुटते, हे आता तरी कबूल कर.

पण माझी झोप उडवलीय ती एअरबॅगनं. सगळे कोड पुसले, तो परत आला. पॅसेंजर सीटखालच्या सर्किटचा रोध जास्त. तिथला वायरी जोडणारा पिवळा कपलर सैल दिसतो, बॅटरी काढून ठेवली होती तरी मी हात लावला नाही. मीटर लावायचा तर प्रश्नच नाही, मीटरच्या करंटनं बॅग उडायची. आणि दाजींनी काय केलं माहितेय? त्या दिव्यावर ताईची टिकली चिकटवली. म्हणे, ‘एकच तर राहिला, गाडी चालतीय ना.’ त्या सीटवर ताई बसते रे. दिवा लागलेला म्हणजे ठोकर बसली तर बॅग उघडेलच याचा भरवसा नाही. रात्री-बेरात्री लातूरहून येतात, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बिनलाइटच्या उभ्या. मी टिकली काढली, तर दाजी दोन तास फुगून बसले. ताईला सध्या मागे बसायला सांगितलंय, ती ऐकते की नाही देव जाणे.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? छकुलीनं सायन्स घेतलं म्हणे, छान. वहिनींना नमस्कार.

आता काम. हे वायर जोडून भागायचं नाही, कंपनीचंच हवं. इथला डीलर म्हणतो, सीटखालचा तुकडा सुटा मिळत नाही, फ्लोअरचं पूर्ण वायरिंग घ्या. तुमच्या वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात विचारून सुट्या तुकड्याचा पार्ट नंबर काढ. कपलरचा फोटो आणि गाडीचा चॅसिस नंबर पाठवलाय. माल मिळाला तर एसटीच्या पार्सलनं टाक, मी स्टँडवरून घेतो. पैसे दाजी देतील, नाही दिले तर मी देईन, पण गणपतीच्या आत कर.

तुझाच,
भाऊ