खोली कुणाच्या नावावर?

मा. संपादक,
स. न.

एका शहरातल्या चार घराण्यांच्या पाच-सहा पिढ्या सांगणारी जाडजूड कादंबरी मुंबईवर मराठीत का येत नाही, अशी विचारणा रविवारच्या पुरवणीत वाचली. यावी, जरूर यावी. फक्त ती पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला मुंबई दिली, त्या १६६१च्या आंदणापासून सुरू करू नका, एवढी हात जोडून विनंती. आंदण, मग १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात, मग बोरीबंदर-ठाणे आगगाडी, मग प्लेग. आणि दर वेळी त्याच घराण्यांतलं कुणीतरी नेमकं तिथे हजर! असं होत नाही हो. माझे आजोबा गोदीत कामाला होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत बोट फुटली, तेव्हा ते भाचीच्या लग्नाला चिपळुणात होते. पण पुढे जन्मभर सांगितलं ते त्या न पाहिलेल्या स्फोटाबद्दलच.

मला विचाराल तर ही कादंबरी वरळीच्या बीडीडी चाळीत आहे. १९२०च्या दशकात सरकारनं, म्हणजे त्याच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं (बीडीडी) बांधलेल्या या चाळी. मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामायिक. आमच्या खोलीत आधी एकाच गावचे गडी राहायचे. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. आजी आली, तिनं त्यांची खाणावळ घातली आणि हळूहळू खोलीचं घर झालं. १९८२च्या संपात वडिलांची गिरणी गेली. त्यानंतर सुरू झालं ते खरं कथानक. राजवाड्यात गादीवरून वाजतं, आमच्याकडे ‘खोली कुणाच्या नावावर’ यावरून. वडील आणि काका बारा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, तेही त्याच खोलीत, मधे एक पडदा लावून. संपाच्या दिवसांत जिच्या पगारावर चूल पेटली, त्या आत्याचं नाव तर कुठल्याच कागदावर नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये या चाळींच्या पुनर्विकासात वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे, संडासाच्या रांगेची आठवण काढून कुणी गळे काढू नयेत. पण घर बदलताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या आधी भंगारात जातात. त्यात भाडेपावत्या असतात, गावाहून आलेली कार्डं असतात.

आमच्याकडे खाणावळीची वही उरली आहे. पहिलं पान १९३८चं. अक्षर आजोबांचं, हिशेब आजीचा. कुणी लेखक आला तर दाखवीन. न्यायला मात्र देणार नाही.

आपली,
एक वाचक, वरळी