उड्डाणाचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात राज्यांतर्गत विमानसेवांचा तक्ता वाचला. कोल्हापूर-नागपूर : अंतर सुमारे ७०० किलोमीटर, वेळ सव्वा तास. आकडे चुकीचे नाहीत, पण आमच्यासारख्यांना ते अपुरे आहेत.

मागच्या हिवाळ्यात नागपूरजवळच्या काटोलला माझे मेहुणे वारले. सकाळी फोन आला. त्या दिवशी विमान मिळण्यासारखे नव्हते, म्हणून दुपारची महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालून ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपुरात पोहोचते. मी काटोलला गेलो तेव्हा सगळे आटोपले होते. ताई एकच म्हणाली, "उशीर झाला रे." तेव्हापासून असा तक्ता दिसला की मी थांबून नीट वाचतो.

७०० किलोमीटर हे दोन विमानतळांमधले सरळ अंतर, अक्षांश-रेखांशांवरून काढलेले. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जाते आणि उतरण्यासाठी वळण घेते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच उडते. शिवाय विमान कोणते, हेही महत्त्वाचे. एटीआरसारखे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते, जेट ८०० च्या. म्हणजे त्याच अंतराला एकाला सव्वा तास, तर दुसऱ्याला पावणेदोन तास लागू शकतात. वेळापत्रकातली वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतची असते. आपल्या तक्त्यात यांपैकी कोणती वेळ दिली आहे, ते कळत नाही.

आता माझा हिशेब. गडहिंग्लजहून उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, पावणेदोन तास. तिथे दीड तास आधी पोहोचायचे. विमानाचे दीड तास धरू. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून सामान घेईपर्यंत अर्धा तास, पुढे काटोल आणखी दीड तास. एकूण पावणेसात तास. रेल्वेच्या सव्वीसेक तासांपुढे हे केवढे मोठे सुख आहे! म्हणून खरा आकडा छापल्याने विमानसेवेची बाजू पडत नाही, उलट भक्कम होते.

मात्र विमान रोज नसेल तर या पावणेसात तासांत मधले रिकामे दिवसही मिळवावे लागतात. सोमवारी निरोप आला आणि विमान बुधवारी असेल, तर माझ्यासाठी नागपूर दोन दिवसांवर आहे. दुखवटा, दवाखाना, परीक्षा, नागपूरचे हिवाळी अधिवेशन, यांतले काहीच विमानाचा वार पाहून येत नाही. १९३९ पासून कोल्हापूरला विमानतळ आहे, आता नवे टर्मिनल आहे, रात्री विमान उतरवण्याची सोयही झाली आहे. एवढे असताना रोजच्या फेरीची मागणी आपण लावून धरावी, ही कळकळीची विनंती.

आणि पुढच्या तक्त्यात दोन रकाने वाढवावेत : आठवड्यातले कोणते वार आणि सुटण्याची वेळ.

आपला,
एक जुना वाचक, गडहिंग्लज