उष्णतेचा बाऊ नको

महोदय,

उष्णतेने पॅनेलची क्षमता घटते, म्हणून उष्ण कटिबंधातील शहरांत घरगुती सौरऊर्जेला फारसा वाव नाही, असे मांडणारा आपल्या अंकातील लेख वाचला. मुद्दा खरा, पण निष्कर्ष पटत नाही.

पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनेलचे उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी कमी होते. भर दुपारी पॅनेल 65 अंशांपर्यंत तापले तरी घट 12 ते 16 टक्के, आणि तीही दिवसभर नव्हे. याउलट विषुववृत्ताजवळ दिवसाची लांबी वर्षभर फारशी बदलत नाही, त्यामुळे थंड देशांतील हिवाळ्याची मोठी तूट इथे नसते. जर्मनीत एक किलोवॉटच्या संचातून वर्षाला सुमारे 1000 युनिट वीज मिळते. उष्ण कटिबंधातील बऱ्याच शहरांत पावसाळा धरूनही 1200 ते 1500. शिवाय पॅनेलच्या सावलीमुळे छत कमी तापते. हा लाभ लेखात आलाच नाही, याची खंत वाटते.

खरी अडचण जागेची आहे. एका किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर सावलीमुक्त छत लागते. बैठ्या घराला ते मिळते. बहुमजली इमारतीत एकच गच्ची अनेक कुटुंबांची, त्यातही पाण्याच्या टाक्या आणि शेजारच्या इमारतीची सावली. तेव्हा सामाईक संचातील वीज प्रत्येक सदनिकेच्या बिलात कशी वळती करायची, याचे नियम आधी ठरवायला हवेत.

– एक वाचक