कॅसेटी घरात, बघणारे जगभर

देवगड,
श्रावणी सोमवार

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जुन्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घरूनच नातेवाइकांना दाखवतोय, तर परवा फोनवर तू म्हणालास, "एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर टाक आणि लिंक पाठव." फोनवर सांगून संपणारी गोष्ट नव्हती म्हणून लिहायला बसलो. शिवाय तुझ्या राजापूरच्या माळ्यावर कॅसेटींची पेटी पडून आहे हे मी विसरलेलो नाही. तेव्हा पत्र लांबलं तर बोलू नकोस.

आधी यूट्यूबचं. आपल्या वेळच्या लग्नाच्या कॅसेटी आठव. मंगलाष्टकं संपली न संपली तोच व्हिडिओवाला हिंदी सिनेमाची गाणी चढवायचा आणि मांडवातला खरा आवाज पार दाबून टाकायचा. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची व्यवस्था असं गाणं चटकन ओळखते. मग गाण्याच्या मालकाच्या मर्जीप्रमाणे त्यावर जाहिरात लागते, नाहीतर काही देशांत व्हिडिओ दिसतच नाही. आत्याच्या पाठवणीत मध्येच साबणाची जाहिरात मला नको. आणि 'अनलिस्टेड' म्हणजे खाजगी नव्हे, लिंक ज्याच्या हाती त्याला दार उघडं. आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात आलेली लिंक किती वेळ घरात थांबते ते मी तुला काय सांगू! त्या कॅसेटींत बायका मागीलदारी नारळ खवत गप्पा मारतायत, काका बनियनवर दाढी करतायत. कॅमेरा आपल्या घरातल्याच माणसाच्या हातात आहे म्हणून ती सगळी इतकी मोकळी आहेत. ते जगाला दाखवायला कुणी कुणाला विचारलं होतं?

बाबांच्या दशावताराच्या टेपा तर त्याहून जपायच्या. मस्कतच्या मावशीने आणून दिलेला मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या टेपेचा, कॅमेरा घेऊन बाबा जत्रेच्या रात्री मांडवाच्या कडेला उजाडेपर्यंत बसायचे. दशावतारात कथा ठरलेली असते, पण संवाद नटाला जागेवरच सुचतात. तेच नाटक त्याच मंडळाने पुढच्या गावच्या जत्रेत केलं तरी बोलणं वेगळं, टोले वेगळे. म्हणून त्या रात्रीची ती टेप हीच एकमेव प्रत. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा आपल्या प्रयोगावरचा हक्क ५० वर्षं असतो. घरच्या घरी बघायला अडचण नाही, पण चव्हाट्यावर मांडायचं तर मंडळाला विचारायला हवं. मी तरी न विचारता टाकणार नाही.

आता कामाचं. लोक सर्व्हर, म्हणजे फाईली साठवून मागेल त्याला पाठवणारा संगणक, कुठला घेऊ इथून सुरुवात करतात. माझं मत असं की खरं काम सर्व्हरच्या अलीकडचं आहे, आणि ते नीट केलं तर घरातला जुना लॅपटॉपही सर्व्हर म्हणून पुरतो.

मिनीडीव्हीत चित्र आधीच डिजिटल असतं. फायरवायरच्या केबलने ते जसंच्या तसं उतरतं, फक्त जेवढ्या वेळाची टेप तेवढाच वेळ लागतो. एका तासाला साधारण १३ जीबी. ते पोर्ट हल्लीच्या लॅपटॉपला नसतं, त्यामुळे जुना संगणक हुडकावा लागतो. मला कणकवलीत एका दुरुस्तीवाल्याकडे धूळ खात पडलेला मिळाला. व्हीएचएसला, म्हणजे त्या जुन्या मोठ्या कॅसेटींना, चांगला चालणारा व्हीसीआर आणि चित्र संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड लागतं. तुझ्या पेटीतल्या बहुतेक त्याच असणार, म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेव. आपल्या दमट हवेत टेपेला बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट डाग दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नकोस. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि मागून घातलेल्या चांगल्या टेपेवरही जाते. तसल्या कॅसेटी बाजूला काढ आणि त्या साफ करणाऱ्या माणसाकडेच दे.

उतरवलेली फाईल तशीच्या तशी लोकांना दाखवायची नाही. आपलं जुनं चित्र पाल पद्धतीचं, ५७६ रेषांचं, सेकंदाला २५ फ्रेम. त्यातली प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत येते, आधी एकाआड एक रेषा आणि मग उरलेल्या. डब्याच्या टीव्हीवर ते कळायचं नाही. आजच्या सपाट पडद्यावर मात्र हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला फणीसारखे दात फुटतात, गौरीपुढच्या फुगड्या तर बघवत नाहीत. एफएफएमपेग या फुकट साधनात बीडब्ल्यूडीआयएफ नावाचा फिल्टर आहे. तो प्रत्येक हप्त्याची पूर्ण फ्रेम करतो, म्हणजे सेकंदाला ५०. मग काकीची फुगडी तेव्हा फिरली तशी गरगर फिरते. काही लोक २५ वरच थांबतात आणि हालचाल अडखळते. तेवढी काटकसर करू नकोस.

मग ती फाईल एच.२६४ या व्हिडिओ आवळून लहान करण्याच्या पद्धतीत बांधायची. हा प्रकार २००३ पासूनचा, त्यामुळे त्याला नाही म्हणणारा टीव्ही किंवा फोन शोधावा लागेल. एचईव्हीसी आणि एव्ही१ या नव्या पद्धतींत फाईल आणखी लहान होते हे खरं. पण मामांच्या जुन्या टीव्हीला ते कळलं नाही तर सर्व्हरला ते चित्र तिथल्या तिथे बदलून पाठवावं लागतं, म्हणजे ट्रान्सकोडिंग. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो आणि तिकडे डोंबिवलीत चित्र अडतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाचा याच कामाचा खास भाग आहे, त्याने हा भार हलका होतो. तरी मला विचारशील तर एकदाच नीट बांधून ठेव आणि सर्व्हरला नुसतं वाढप्याचं काम दे. ३ एमबीपीएसला (सेकंदाला ३ मेगाबिट) बांधलं की १३ जीबीचा तास सव्वा-दीड जीबीत बसतो. मूळ फाईल मात्र पुसायची नाही. ती दोन डिस्कवर, त्यातली एक घराबाहेर. माझी पुण्याला बहिणीकडे असते.

सबटायटलंही साध्या मजकुराच्या एसआरटी फाईलमध्येच ठेव. चित्राच्या स्वरूपातली सबटायटलं बरेच टीव्ही घेत नाहीत, मग ती चित्रावर छापण्यासाठी पुन्हा तेच ट्रान्सकोडिंग. अमेरिकेतल्या भाचरांना मालवणी उमगत नाही, म्हणून दशावताराच्या संवादांना मी मराठी सबटायटलं लिहितोय. फार वेळखाऊ काम, पण सगळ्यात मजा त्यातच येते.

सर्व्हरवर जेलीफिन टाकलंय, म्हणजे आपल्या फाईली टीव्ही-फोनवर दाखवणारी प्रणाली. एम्बी नावाच्या प्रणालीने आपला कोड बंद केला तेव्हा, २०१८ च्या डिसेंबरात, काही जणांनी तो उचलून हे वेगळं घर मांडलं. पूर्ण फुकट, आणि खाती तुझ्याच यंत्रावर. त्याच कामाचं प्लेक्स दिसायला देखणं आणि नातेवाइकांना सोपं आहे, पण एप्रिल २०२५ च्या शेवटापासून घराबाहेरून व्हिडिओ बघायला त्यांनी पैसे लावले. एक तर सर्व्हरवाल्याने भरायचे, नाहीतर बघणाऱ्याने. ज्याला डोकेदुखी नको त्याने खुशाल भरावेत. मला माझ्याच बापाच्या टेपा दाखवायला तिसऱ्याची परवानगी नको होती.

खरी अडचण पुढे, घराबाहेर पडण्याच्या वाटेची. आपल्या भागातले बरेच फायबरवाले प्रत्येक घराला इंटरनेटवरचा वेगळा सार्वजनिक पत्ता देतच नाहीत. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटी, ते कधीच वाटून संपले. म्हणून एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. तुझ्या राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघ. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तूही त्या चाळीतलाच. हा गट २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला. अशा जोडणीत पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी दार (पोर्ट) उघडणं, करून उपयोग नाही, कारण बाहेरचा माणूस तुझ्या राउटरपर्यंत पोचतच नाही. दरमहा जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा स्वतंत्र पत्ता, मिळतो. पण तो मिळाला तरी जेलीफिनचं ८०९६ पोर्ट जगाला उघडं टाकू नकोस, अशी उघडी दारं चाचपडत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, चोवीस तास जागे असतात.

मी टेलस्केल वापरतो, म्हणजे दूरदूरच्या यंत्रांना एका खाजगी जाळ्यात जोडणारं साधन. त्याच्या पोटात वायरगार्ड ही कुलूपबंद जोडणीची पद्धत आहे, जे मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलं. यात दोन्ही यंत्रं आतून बाहेर हाक मारतात आणि मध्येच एकमेकांना गाठतात, त्यामुळे दार उघडावं लागत नाही. प्रत्येक नातेवाइकाला मी फक्त तो एक लॅपटॉप शेअर केलाय, घरातलं बाकी काही त्यांना दिसत नाही. कधी दोन्हीकडची नॅट, म्हणजे एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणारी व्यवस्था, हट्टी निघाली की थेट गाठ पडत नाही आणि सगळं टेलस्केलच्या मधल्या (रिले) सर्व्हरमार्गे जातं. मग वेग पडतो. अशा वेळी राउटरवर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, सुरू करून बघ, पुष्कळदा तेवढ्याने सुटतं. आणि टेलस्केल यंत्रांना जे पत्ते देतं तेही त्याच १०० च्या गटातले असतात, तेव्हा राउटरचा आकडा बघताना गोंधळू नकोस.

वेगाचा हिशेब सोपा. तुझ्या प्लॅनवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो; इथे लागतो अपलोडचा. ३ एमबीपीएसच्या फाईली आणि एका वेळी चार घरं म्हटली तर १२, वर थोडी सवड. जेलीफिनमध्ये माणसागणिक वेगाची मर्यादा घालता येते.

नातेवाइकांचं मात्र कुठलंच मॅन्युअल नसतं. टेलस्केल अँड्रॉइड टीव्हीवर आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या फायर टीव्हीच्या काडीवर (टीव्हीच्या एचडीएमआयच्या खाचेत खोचायचं छोटं यंत्र) चालतं. सॅमसंग आणि एलजीच्या स्वतःच्या प्रणालीवर नाही. तिथे सरळ एक काडी घेऊन द्यायची, टीव्हीशी भांडत बसायचं नाही. लालबागच्या मोठ्या काकीला फोनवर रिमोट शिकवताना तिचं पालुपद एकच, "माका कायच दिसना नाय रे!" टीव्ही दुसऱ्याच एचडीएमआयवर होता. तेव्हापासून मुंबईला गेलो की ज्याच्या घरी उतरतो त्याचं मी स्वतःच लावून देतो. मस्कतच्या मावशीला यातलं काही दिलं नाही. आखातातल्या काही देशांत व्हीपीएनवर, म्हणजे टेलस्केलसारख्या खाजगी जोडण्यांवर, निर्बंध आहेत, तिच्या मागे उगाच झंझट नको. तिला पेनड्राइव्ह भरून देतो आणि ती त्यावर सगळ्यांत खूश आहे.

पोरांनी जेलीफिनमधली सिंकप्ले ही सोय शोधून काढलीय. ब्राउझरमध्ये तीन गावांतली तीन घरं एकच चित्र एकाच क्षणाला बघतात. कुणी थांबवलं की सगळ्यांचं थांबतं. दशावतारातला संकासुर आला की ग्रुपवर नुसता गोंधळ.

विजेचं तुला सांगायला नको. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात वीज आणि नेट किती दिवस नव्हते ते आठवतंच असेल. सर्व्हर म्हणून लॅपटॉप निवडला तो यासाठीच, त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. बॅटरी सतत १०० टक्क्यांवर ठेवलीस तर ती फुगू शकते. चार्जिंगची मर्यादा ८० ला लाव. वळवाच्या दिवसांत कडकडायला लागलं की मी सरळ प्लग काढतो. बघणाऱ्यांना सांगून ठेवलंय, आमच्याकडे वीज चमकली की तुमच्याकडे नाटक बंद.

आता तुझं काम. राजापूरला गेलास की राउटरचा तो आकडा आणि अपलोडचा वेग मला कळव. पेटीतल्या कॅसेटींपैकी बुरशीच्या वेगळ्या बांध. बाकीच्या चतुर्थीला येताना घेऊन ये, व्हीसीआर माझ्याकडे आहे. तुझ्या मुंजीची कॅसेट त्यात असेल तर ती पहिली लावू. लाजून ती घरी ठेवलीस तर वहिनींना फोन करीन.

आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अप्पा

ता. क. काडी घ्यायची तर आधी घरातल्या टीव्हीला एचडीएमआयची खाच मोकळी आहे का बघ. सेट-टॉप बॉक्स आणि पोरांचा गेम मिळून ती कधीच अडवून बसलेले असतात.