एक सेंटिमीटर ‘सोडून देणं’ आमच्या हातात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की वाचकांच्या पत्रांत एक तक्रार हमखास दिसते. थीम पार्कमध्ये तासभर रांगेत उभं राहिल्यावर एका सेंटिमीटरसाठी मुलाला राइडवर बसू दिलं नाही, कर्मचारी आडमुठे होते, आणि ‘एवढ्याशा फरकानं काय होतं?’ याचं उत्तर कुणी दिलं नाही. तासभर उभं करून परत पाठवलं ही तक्रार रास्त आहे, तिच्याकडे पुढे येतोच. पण एवढ्याशा फरकानं काय होतं याचं उत्तर आहे आणि ते राइड चालवणाऱ्यांनीच द्यायला हवं, म्हणून हे पत्र.

रोलर कोस्टरच्या सीटवर मांडीवर येणारा दांडा म्हणजे लॅप बार. तो खाली ओढला की मांडीला टेकतो आणि तिथे लॉक होतो. काही गाड्यांत तो दातेरी पट्टीवर कट्‌कट् करत एकेक दाता खाली सरकतो, तर काहींत हायड्रॉलिक सिलिंडर असतो आणि दांडा हव्या त्या जागी थांबतो. दोन्हींत दांड्याचा प्रवास कुठेतरी संपतोच, त्याखाली तो जात नाही. मूल लहान असेल तर दांडा अगदी तळापर्यंत येऊनही मांडी आणि दांडा यांच्यात फट राहते. गाडी चढ संपवून खाली झेपावते तेव्हा अंग सीटवरून उचललं जातं. मोठ्या माणसाचे पाय खाली टेकलेले असतात, त्याची मांडी दांड्याला अडते. मुलाचे पाय लोंबकळत असतात, रेटा द्यायला त्याला काहीच नसतं, आणि ते त्या फटीतून वर निघतं किंवा दांड्याखालून पुढे घसरतं. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर गोष्ट आणखी बिघडते. दांडा वडिलांच्या जाड मांडीवर थांबतो आणि शेजारच्या मुलाच्या मांडीपासून वीतभर वर राहतो. ‘मी धरतो ना त्याला’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. वळणावर स्वतःचंच अंग सावरत नाही, तिथे एका हातानं दुसऱ्याला धरणं कुणालाच जमत नाही.

खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसचं दुखणं वेगळं. त्याच्या गाद्या खांद्यावर बसायला हव्यात. बुटक्या मुलाच्या त्या कानाशी किंवा गालाशी येतात, आणि प्रत्येक झटक्याला डोकं त्यांवर आपटतं.

यातली खरी मेख मात्र पाहुण्यांना दिसत नाही. ‘दांडा लॉक झालाय, हिरवा दिवा लागलाय, मग अडचण काय?’ असं ते विचारतात. सीटमधला सेन्सर फक्त एवढंच बघतो, की दांडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा खाली आला का. माणूस जास्त मोठा असेल तर दांडा खाली येत नाही, दिवा लागत नाही, गाडी सुटत नाही. मूल लहान असेल तर दांडा आरामात तळापर्यंत येतो आणि दिवा लागतोच. रिकाम्या सीटवरही लागतो. म्हणजे जास्त मोठ्या देहाला यंत्र अडवतं, पण कमी उंचीच्या मुलाला अडवणारं यंत्रात काही नाही. तिथे फक्त उंचीची पट्टी आहे आणि ती धरणारा माणूस आहे.

आणि यंत्राची मर्यादा माणसानं सैल केली तर काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. मार्च 2022 मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडो इथे उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या राइडमधून 14 वर्षांचा एक मुलगा सीटमधून निसटून खाली पडला आणि दगावला. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये कमाल वजन 130 किलो होतं, त्याचं वजन त्याहून बरंच जास्त होतं. चौकशीत निघालं की त्या सीटचा सेन्सर हातानं फिरवून ठेवला होता. त्यामुळे हार्नेस नेहमीपेक्षा खूप उघडा असतानाही दिवा लागला आणि राइड सुटली. तिथे प्रश्न उंचीचा नव्हता, पण ‘बसतंय तर बसू द्या’ हा विचार तोच होता.

उंचीचा आकडा पार्क ठरवत नाही. तो राइडच्या उत्पादकाकडून येतो. सीटची रचना, दांड्याचा प्रवास आणि त्या मार्गावर शरीरावर किती जोर किती वेळ पडतो, यावरून तो ठरतो. पार्क तो आकडा वाढवू शकतं, कमी करू शकत नाही. 107, 122, 132, 137 असे विचित्र आकडे पाट्यांवर दिसतात, ते मुळात 42, 48, 52 आणि 54 इंच आहेत. ज्या राइडचं मोजमाप मेट्रिकमध्ये झालं तिथे 100, 120, 140 असे गोल आकडे असतात. वय का नाही पाहत, असंही विचारतात. वयाचा दाखला रांगेत कोण दाखवणार, आणि दांड्याला वय कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची मध्यम उंची 121.7 सेंटिमीटर आहे, मुलीची 120.8. म्हणजे 120 ची पाटी असलेल्या राइडवर एकाच वर्गातल्या मुलांचा गट आला की त्यातले काही आत जाणार आणि काही बाहेर राहणार, हे ठरलेलंच. भांडणं सगळ्यात जास्त तिथेच होतात.

आता मोजण्याबद्दल, कारण खरा गोंधळ इथे असतो आणि त्यात चूक बऱ्याचदा पार्कचीही असते. रांगेच्या तोंडाशी लावलेला खांब ज्या फरशीवर उभा आहे ती खचते, किंवा पावसाळ्यात निसरडं होतं म्हणून कुणीतरी रबरी मॅट टाकतं. एक सेंटिमीटर जाडीची मॅट टाकली की दिवसभरात येणारं प्रत्येक मूल एक सेंटिमीटरनं वाढतं. वर राइडच्या प्लॅटफॉर्मवर मॅट नसते, तिथे तेच मूल कमी भरतं. मग ‘खाली तर पास झालं होतं’ म्हणून हुज्जत सुरू होते, आणि पालकांचं चुकतंय असं म्हणायला आम्हाला तोंड राहत नाही. टाच जिथे टेकते तिथून खांबावरच्या आडव्या दांडीपर्यंत स्टीलच्या टेपनं दर आठवड्याला मोजून ते वहीत लिहावं, आणि पार्कमधल्या सगळ्या पट्ट्या एकाच मूळ पट्टीवरून तपासाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे. पाटीवरच्या कार्टूनच्या हाताखालून मूल जातं की नाही, एवढ्यावर तर निर्णय कधीच घेऊ नये. ते चित्र फार तर अंदाजाला.

मूल उभं कसं राहतं यावर दोन-तीन सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात. टाचा जुळलेल्या आणि खांबाला टेकलेल्या हव्यात, गुडघे सरळ, नजर समोर. हनुवटी वर केली तरी मोजमाप चुकतं, खाली घातली तरी चुकतं. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं की डोकं बरोबर. अंबाडा किंवा उंच बांधलेले केस सोडायला सांगायचे, आडवी दांडी कवटीला टेकली पाहिजे. बूट घालून मोजायचं की काढून, हे प्रत्येक पार्कचं वेगळं असतं. काहीही चालेल, पण एका पार्कमध्ये सगळ्या राइडना एकच नियम हवा. बुटात टिश्यू पेपरच्या घड्या, दोन-दोन मोजे, जाड तळव्याच्या चपला हे सगळं आम्हाला ठाऊक असतं. मुलाचा भार चवड्यांवर दिसला आणि ते डुगडुगत उभं असलं, की टाचेखाली काहीतरी आहे हे कळतंच. अशा वेळी मुलाला आरोपी करायचं नाही, कारण ती घडी त्यानं घातलेली नसते.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. सकाळी उठल्यावर माणूस सगळ्यात उंच असतो. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत एखादा सेंटिमीटर जातो. ‘सकाळी बसला होता, आता का नाही?’ असं विचारणारे पालक दर वेळी खोटं बोलत नसतात. मूल खरंच सकाळी 120.4 असतं आणि दिवस कलताना 119.6. यावर आम्हाला पटलेला उपाय एकच आहे. प्रवेशद्वाराशी एकदाच, बूट काढून, नीट मोजावं आणि उंचीच्या रंगाचा कागदी पट्टा मनगटावर घट्ट बांधावा, म्हणजे ते मोजमाप दिवसभर चालेल. पट्टा सैल असेल तर भावंडं अदलाबदल करतात. संशय आला तर पुन्हा मोजण्याचा अधिकार राइडवरच्या माणसाकडे राहायलाच हवा.

मोजणारा माणूस रांगेच्या सुरुवातीला हवा, प्लॅटफॉर्मवर नको. तासभर थांबलेल्या मुलाला सीटसमोरून परत पाठवणं क्रूर आहे, आणि व्यवस्थापनाला ते टाळता येतं. फक्त एक माणूस जास्त नेमावा लागतो. हिशेबच मांडायचा तर 24 सीटची गाडी दर 90 सेकंदांनी सुटत असेल तर तासाला 960 माणसं बसतात. प्लॅटफॉर्मवर तीन मिनिटांची हुज्जत म्हणजे दोन गाड्या, 48 माणसं मागे. शिवाय त्या तीन मिनिटांत दांडे तपासणाऱ्याचं लक्ष भांडणाकडे जातं, याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो. गाडी सोडण्याच्या बटणांच्या पॅनेलवर बसलेल्यानं पाहुण्याशी बोलायचंच नाही, मग समोरचा कितीही ओरडो.

बोलायचं कसं, यावर प्रशिक्षणात एक तास दिला तरी खूप फरक पडतो. आधी मुलाशी बोलावं, गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. ‘तू लहान आहेस’ म्हणू नये, ‘या सीटला अजून एवढी उंची लागते’ म्हणून बोटांनी ती दाखवावी. मुलाला हात लावून सरळ उभं करू नये, ते पालकांना करायला सांगावं. मोजायचं एकदा, आणि पालकांना शंका असेल तर त्यांच्या डोळ्यांसमोर आणखी एकदा. तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा मूल टाचा उचलतंच आणि त्याला ते करायला आपणच शिकवलेलं असतं. पालकांना भौतिकशास्त्र समजावत बसू नये, शब्दानं शब्द वाढतो. ‘इथे 120 लागतात, पट्टी 119 दाखवते आहे, मी गाडी सोडू शकत नाही,’ एवढं वाक्य पुरे. तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा. आणि लगेच पुढचा रस्ता दाखवावा. 110 वर चालणारी राइड जवळ कुठे आहे, आणि आई-वडील दोघांना बसायचं असेल तर एक बसेपर्यंत दुसऱ्यानं मुलाजवळ थांबून नंतर रांग न लावता आत कसं जायचं. ही अदलाबदलीची सोय बऱ्याच पार्कमध्ये असते आणि ती कुणी सांगत नाही.

सगळं मुसळ केरात जातं ते सुपरवायझरपाशी. पाहुणा आवाज चढवतो, सुपरवायझर येतो, न मोजताच म्हणतो, ‘जाऊ दे, बसव.’ त्या क्षणी खालच्या ऑपरेटरची पत संपते, आणि तो पाहुणा पुढच्या वेळी येऊन म्हणतो, ‘मागच्या वेळी बसू दिलं होतं.’ हे वाक्य आमच्या कामातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. सुपरवायझरनं यावं, त्याच पट्टीनं पुन्हा मोजावं आणि तेच उत्तर द्यावं. नाराजी घालवायला दुसऱ्या राइडचा रांगेशिवायचा पास खुशाल द्यावा. ही राइड मात्र नाही.

व्यवस्थापनाकडे मागणं फार नाही. उंचीचे आकडे सेंटिमीटरमध्ये तिकीट खिडकीवर आणि संकेतस्थळावर, तिकिटाचे पैसे भरण्याआधी दिसतील असे लावा. मोजणाऱ्या माणसाला सावली द्या आणि तास-दीड तासानं बदला, कारण चाळिसाव्या भांडणाला कुणाचाही आवाज चढतो. शिवीगाळ झाली तर सुरक्षा रक्षक बोलावता यावा. आणि तासाला किती माणसं बसवली या आकड्यावर ऑपरेटरला जाब विचारताना, किती जणांना अडवलं हेही त्याच तक्त्यात लिहा.

पालकांसाठी एवढंच, की घरी मोजताना कपाटाची कड किंवा वाकडं धरलेलं पुस्तक वापरू नका. भिंतीला खाली लाकडी पट्टी असेल तर टाचा पुढे येतात, म्हणून दाराच्या सपाट चौकटीशी उभं करा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक चौकटीला काटकोनात टेकवून डोक्यावर घट्ट दाबा, खालच्या कडेला पेन्सिलची रेघ मारा आणि जमिनीपासून टेप लावा. हे संध्याकाळी करा, सकाळी नको. रेघ 120 च्या खाली आली, तर कोणत्या राइडवर बसता येणार नाही ते मुलाला निघायच्या आधीच सांगून ठेवा.

आपले,
काही राइड ऑपरेटर
(नावं प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती)