टेबल करून देणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,
सा. न.

चित्रं बघायला येणारे लोक कागद कुठला, ब्रश कुठला, रंग कुठल्या कंपनीचे, सगळं विचारतात. टेबल कुणी केलं हे अजून एकानंही विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र तुमच्या घरी न पाठवता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माप घ्यायला आलात तेव्हा टेप खिशातच ठेवून तुम्ही म्हणालात, "ताई, आधी काम करून दाखवा." तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर रंगवत होते. पाण्याचे डबे कुठं असतात, ब्रश कुठल्या हातात असतो, बोर्ड कधी उचलते, हे सगळं तुम्ही स्टुलावर बसून बघितलंत. घरच्या बाईनं काढलेली चित्रं कौतुकानं बघणारे पुष्कळ असतात. ते काम आहे असं धरून त्याची मापं घेणारे तुम्ही पहिले.

जलरंगात निम्मं काम पाणी करतं, आणि पाणी उताराचं ऐकतं. आभाळासाठी ओल्या कागदावर ओला रंग सोडायचा तर कागद सपाट हवा. सलग वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, ओढायचा तर थोडा उतार हवा, म्हणजे रंगाचं पाणी खालच्या कडेला जमतं आणि पुढचा फटकारा ते घेऊन खाली येतो. तुम्ही बोर्डाखाली खाचांचा टेकू दिलात. उजव्या हातात ब्रश तसाच ठेवून डाव्या हातानं मी उतार बदलते. पूर्वी पानं घ्यायची वेळ झाली की ओला कागद उचलावा लागायचा, आणि अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी मागं धावून नको तिथं फुलं उमटायची. आता कागद जिथं आहे तिथंच वाळतो.

खिडकीबद्दल तर मी तुमची कायमची ऋणी आहे. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो, असं चित्रकलेची पुस्तकं सांगतात. ती बहुतेक युरोपात लिहिलेली. तुम्ही म्हणालात, "आपल्याकडं उन्हाळ्यात उत्तरेनंबी ऊन येतंय." आणि खरंच, साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कोल्हापुरात सूर्य भर दुपारीही माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळचं तिरपं ऊन तर त्याच्याही आधीपासून खिडकीत शिरतं. पांढऱ्या कागदावर ते पडलं की रंग फिका की गडद, काही कळत नाही, आणि वॉश ओढून व्हायच्या आत वाळतो. तुम्ही खिडकीच्या पूर्वेच्या अंगाला बाहेरून एक उभी फळी बसवलीत. एवढंच. ऊन अडलं, उजेड राहिला. टेबलही असं लावलंत की उजेड डावीकडून येतो आणि हाताची सावली कागदावर पडत नाही.

कागदाचा खण मी मागितला होता २२ बाय ३० इंचांचा, पूर्ण ताव मावेल एवढा. तुम्ही तो भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवलात आणि मागं हवेला वाट दिलीत. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. ओल धरलेल्या कागदावरचं सरसाचं लेपण मरतं, मग रंग टीपकागदावर शाई जावी तसा आत मुरतो आणि डाग दिसतात. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड सुती कागद स्वस्त नाही. या पावसाळ्यात माझा एकही ताव गेला नाही.

आता रोज पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी, मी पाव तावावर एक अभ्यासचित्र करते. मांडामांड नाही, आवराआवर नाही, म्हणूनच हे रोज होतं. सध्या समोरची भिजलेली कौलं चालली आहेत. अल्ट्रामरीन या निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून करडा करते. खरखरीत कागदावर अल्ट्रामरीन दाणा धरतो आणि कौलांचा जुनेपणा आपोआप येतो. रविवारी रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर जाते. याच गावचं पाणी आणि झाडं चित्रकार आबालाल रहिमान यांनी आयुष्यभर रंगवली. त्यांच्या गावात रोज ब्रश हातात घ्यायला मिळतो याचा मला फार आनंद आहे, आणि त्यात तुमचा वाटा मोठा आहे.

मजुरी तुम्ही तेव्हाच घेतलीत, तीही कमी. चिरंजीवांबरोबर एक चित्र पाठवते आहे, घाटावरच्या सकाळचं. त्यातल्या लालसाठी उजेडात उडणारा अलिझरिन मुद्दाम वापरला नाही. तरी समोरून ऊन येईल अशा भिंतीवर लावू नका. कुठली भिंत बरी, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि दिवाळीनंतर सवड काढून या. अर्ध्या तावाचे दोन बोर्ड करून हवे आहेत, जाड प्लायचे. कागद भिजवून ताणला की वाळताना पातळ बोर्ड वाकवतो.

तुमची,
उत्तरेच्या खिडकीवाली ताई