मोहाच्या वेळी एकटे राहू नका: प्रार्थनागटाच्या सर्व सदस्यांना सूचना

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभू येशूच्या नावात सलाम.

पुढच्या प्रार्थनासभेला येण्याआधी सर्वांनी मत्तय ४:१-११ वाचावे. घाई नको, दोनदा वाचा. ४० दिवसांच्या उपासानंतर, भूक लागली तेव्हाच सैतानाने प्रभूला दगडांच्या भाकरी करायला सांगितले. मोह आपल्यालाही असाच गाठतो. अंग थकलेले, घरात सगळे झोपलेले, हातात फोन. प्रभू वाद घालत बसला नाही. सैतानाने तीनदा मोह घातला; तिन्ही वेळा प्रभूने शास्त्रवचनाने उत्तर दिले आणि तिन्ही वचने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली. म्हणून वचन आधीच पाठ हवे. ऐन वेळी शोधायला सुचत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

१ करिंथ १०:१३ हाताने लिहून उशाशी ठेवा. देव मोहाबरोबर निभावण्याचा उपायही देतो, असे त्यात आहे. धन्याच्या बायकोने मोह घातला तेव्हा योसेफासाठी तो उपाय साधा होता: वस्त्र तिथेच टाकून पळणे. तुमच्यासाठी तो खोलीबाहेर पडणे असेल. त्यात कमीपणा नाही.

प्रत्येकाने गटातला एक विश्वासू सोबती रविवारपर्यंत ठरवावा. रात्री कितीही वाजता त्याला फोन करा. ऐकणाऱ्याने उपदेश करू नये, आधी सोबत प्रार्थना करावी. ऐकलेले कुठेही बोलू नये, घरीसुद्धा नाही.

व्यसन जडले असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा, आम्ही सोबत येऊ. आणि कोणी मोहात पडले असेल, तर कृपया सभा चुकवू नका. इब्री ४:१५-१६ त्यांच्यासाठीच आपण मोठ्याने वाचणार आहोत.